मागे इंजिन असलेल्या स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्शे ९११ किंवा तिच्यासारखी, म्हणजे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेली गाडी नागपुरात चालवणारे लोक हवेबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं नक्की लक्षात ठेवा: अशा गाडीच्या चारही चाकांत सारखी हवा भरू नका आणि कुणाला भरूही देऊ नका. पुढच्या आणि मागच्या टायरमधला हवेचा फरक हा या गाडीच्या सुरक्षेचा भाग आहे.

पुढे आणि मागे वेगवेगळी हवा कशासाठी?

कारण वजन सारखं नाही. ९११ च्या एकूण वजनातलं साधारण ४० टक्के पुढच्या चाकांवर आणि ६० टक्के मागच्या चाकांवर असतं. वळणावर टायरचं रबर थोडं पिळतं. चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि गाडी प्रत्यक्षात जराशी दुसरीकडे सरकत असते. हा कोन जितका मोठा, तितकं ते टोक बाहेर फेकलं जातं. मागे भार जास्त, म्हणून तिथे हा कोन वाढण्याची शक्यताही जास्त. मागचा टायर रुंद ठेवून आणि त्यात हवा जास्त ठेवून कंपनी तो कोन आवरते.

हवेतला फरक मिटला तर काय होतं ते सांगतो. तुम्ही वेगात वळण घेत आहात, समोर अचानक गाय आली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला. भार झपकन पुढे जातो, मागचे टायर हलके होतात. त्यात हवा कमी असेल तर मागची बाजू आणखी लवकर सुटते. इंजिनाचं वजन एकदम टोकाला असल्यामुळे एकदा फिरायला लागलेली शेपटी सहज थांबत नाही.

ही ओढाताण या गाडीच्या जन्मापासूनची आहे. ९११ पहिल्यांदा १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दिसली. पुढे १९६९ च्या मॉडेलसाठी पोर्शेने पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं, तेही मुख्यतः मागचा भार आवरण्यासाठीच. अमेरिकेतल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिचंही इंजिन मागे होतं आणि कंपनीने थंड टायरसाठी पुढे फक्त १५ आणि मागे २६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) सांगितलं होतं. मूळ दोष सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये होता हे खरं, पण तो झाकण्याचं काम हवेच्या फरकावर सोपवलं होतं. पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली की ते झाकण उडायचं.

आणि हे फक्त महागड्या गाडीपुरतं नाही. आपली टाटा नॅनो घ्या. इंजिन मागे, म्हणून पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद आणि मागचे १५५.

माझ्या गाडीचा नेमका आकडा कोणता?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर किंवा गाडीची पुस्तिका बघा. टायरच्या बाजूला कोरलेला ५० किंवा ५१ पीएसआयचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही.

अंदाज यावा म्हणून दोन उदाहरणं देतो. १९८४ ते १९८९ दरम्यानच्या ३.२ कॅरेराला, म्हणजे त्या काळच्या ९११ ला, १६ इंची चाकांवर पुढे २९, मागे ३६. ९११ च्याच नंतरच्या ९९६ आणि ९९७ या पिढ्यांत १८ इंची चाकांवर पुढे ३६, मागे ४४, म्हणजे २.५ आणि ३.० बार. दोन्हीत मागे सात-आठ पीएसआय जास्त आहे. पण हे आकडे आपल्या गाडीला जसेच्या तसे लावू नका. एकाच मॉडेलला वेगळ्या मापाची चाकं आली की आकडा बदलतो. जुनी गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने रिम बदलल्या असतील, तर स्टिकर कोणत्या मापासाठी आहे ते आधी टायरवरच्या मापाशी ताडून बघा.

पंक्चरवाला न विचारता चारही चाकांत ३५ भरतो. काय करू?

गाडीतून उतरा आणि जवळ उभे राहा, दुसरा उपाय नाही. शहरातल्या बहुतेक गाड्यांना ३२ ते ३५ चालतं, त्यामुळे त्याचा हात तिथेच थांबतो. त्यात त्याचा दोष नाही. ‘भाऊ, मागे चव्वेचाळीस टाक’ म्हटलं की ‘एवढी? फुटून जाईन ना!’ हे ठरलेलं. त्याला दारावरचं स्टिकर दाखवा. एकदा आकडा डोळ्यांनी बघितला की पुढच्या वेळी तोच आधी विचारतो, ‘मागे चव्वेचाळीस ना भाऊ?’

मी तर दोन्ही आकडे ठळक लिहिलेली छोटी पट्टी पेट्रोलच्या झाकणाच्या आतून चिकटवा असंच सांगेन. गाडी सर्व्हिसिंगला गेली, ड्रायव्हरने नेली, भाच्याने नेली, तरी आकडा गाडीसोबत राहतो. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीची हवा मात्र त्याच दिवशी स्वतः तपासा. चारही चाकांत सारखी हवा भरलेली गाडी परत येणं ही मोठ्या वर्कशॉपमध्येही घडणारी गोष्ट आहे.

हवा कधी मोजायची?

टायर थंड असताना. म्हणजे गाडी किमान तीन तास सावलीत उभी असावी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर हळू चाललेली असावी. सर्वांत उत्तम वेळ सकाळी घरातून निघण्याआधीची. एका बाजूला ऊन लागत असेल तर त्या बाजूचे दोन टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवू शकतात, आणि माणूस उगाच हवा सोडत बसतो.

घरी हवा भरायची सोय नाही आणि पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होतो. मग?

घरी थंड असतानाच मोजा. समजा मागे ४४ हवी आणि ४१ निघाली, म्हणजे तीन कमी. पंपावर गेल्यावर गरम टायर कदाचित ४५ दाखवेल. तिथे ४५ वर तीन चढवून ४८ करा. गरम टायरमधला आकडा बघून कधीही हवा सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमीच भरणार.

नागपूरच्या उन्हाळ्यात आकडा किती धरायचा?

इथे थोडं गणित आहे आणि आपल्या शहराला ते इतरांपेक्षा जास्त लागू पडतं. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. टायरमधली हवा तीच असली तरी तापमान दर १० अंशांनी वाढलं की ३६ वाल्या टायरचा दाब सुमारे पावणेदोन पीएसआयने आणि ४४ वाल्याचा सुमारे दोनने वाढतो.

अलीकडच्या ९११ च्या पुस्तिकेतले आकडे २० अंश तापमानाच्या टायरसाठी दिलेले असतात. आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, चालू आहे असं समजा. पहाटे गॅरेजमध्येच ३० अंश आहेत. तेव्हा पुढे ३८ आणि मागे ४६ दिसत असेल, तर टायरमध्ये हवा बरोबर आहे. ३६ आणि ४४ दिसत असेल तर प्रत्यक्षात दोन पीएसआय कमी आहे. जानेवारीत पहाटे १० अंशांत ३४ आणि ४२ दिसलं, तर तेही त्याच हिशेबाने बरोबर. एवढं गणित नको असेल तर एक साधा नियम पाळा: बाहेर कितीही तापमान असो, सकाळच्या थंड टायरचा आकडा स्टिकरपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. दोन पीएसआय जास्त चालेल, दोन कमी नको.

खरा धोका मात्र ऋतू बदलताना असतो आणि तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप झिरपते. जानेवारीत नीट हवा भरली. मार्च, एप्रिल, मे. हवा झिरपत राहते, पण पारा चढत असल्याने गेजवरचा आकडा जवळपास तोच राहतो. बघणाऱ्याला वाटतं, टायर अगदी घट्ट आहेत. मग जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि ४३-४४ अंशांवरून पारा २८ वर उतरतो. पंधरा अंशांची घसरण म्हणजे एका दिवसात अडीच-तीन पीएसआय. उन्हाळाभर लपलेली तूट आणि ही घसरण एकत्र उघडी पडते. नेमक्या त्याच दिवशी रस्ता पहिल्यांदा ओला आणि तेलकट झालेला असतो. म्हणून वर्षात एकदाच हवा काटेकोर तपासणार असाल, तर पहिल्या जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा.

उन्हात टायर फुटू नये म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

नाही. हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो आणि तो उलटा आहे. टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यात दबतात आणि सुटतात, त्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असली की कडा जास्त दबतात आणि टायर आतून जास्त तापतो. मे महिन्यातला तापलेला सिमेंट रस्ता, लांबचा पल्ला आणि कमी हवा हे तिन्ही एकत्र आले की टायरचे आतले थर सुटतात. गरम झाल्यावर दाब पाच-सहा पीएसआयने वाढणार हे कंपनीने आकडा ठरवतानाच धरलेलं असतं. त्या वाढीला घाबरायचं कारण नाही.

९११ मध्ये तर ही चूक दुप्पट महाग पडते, कारण जास्त तापणारे आणि जास्त भार असलेले टायर मागचेच, आणि मागून टायर गेला की गाडी सावरणं फार अवघड.

समृद्धीवर जाताना हवा वाढवायची का?

हलक्या वाहनांना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तेवढ्या वेगासाठी स्टिकरवरचा आकडा पुरतो. मागच्या छोट्या सीटवर मुलं आणि पुढच्या डिक्कीत बॅगा असतील, तर पुस्तिकेत पूर्ण भारासाठी वेगळा आकडा असल्यास तो धरा.

शिवमडक्याहून चढण्याआधी दोन गोष्टी मात्र कराच. टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवून फुगवटा किंवा चीर आहे का बघा. आणि डिक्कीत छोटा कॉम्प्रेसर आहे याची खात्री करा. ९९७ पासून पुढच्या बहुतेक ९११ मध्ये स्टेपनी नसते, फक्त पंक्चर बुजवायचं द्रव्य आणि पंप असतो. त्या द्रव्यालाही मुदत असते, बाटलीवरची तारीख वाचा. आपल्या गाडीच्या मापाचा, म्हणजे २९५/३५ आर २० वगैरे मागचा टायर वाटेतल्या कुठल्याही दुकानात मिळेल अशी अपेक्षा धरू नका.

पावसाळ्यात हवा कमी केली तर पकड वाढते का?

चिखलात ट्रॅक्टरची वाढते. ओल्या डांबरी किंवा सिमेंट रस्त्यावर कारची नाही. टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं. त्यानुसार ३६ पीएसआयचा टायर ताशी सुमारे १०० किलोमीटरला तरंगायला लागतो आणि २६ पीएसआयचा सुमारे ८५ ला. कारच्या टायरला खाचा असतात आणि पाण्याची खोलीही बदलते, त्यामुळे हे आकडे ढोबळ समजा. दिशा मात्र पक्की आहे: हवा कमी, तर टायर लवकर तरंगणार.

९११ चं पुढचं टोक हलकं असतं आणि पेट्रोलची टाकीही पुढेच असते. ६४ लिटरची टाकी रिकामी होत आली की पुढून पंचेचाळीस-सत्तेचाळीस किलो वजन कमी होतं. साचलेल्या पाण्यातून जाताना स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्या. मुसळधार पावसात टाकी अर्धी तरी भरलेली ठेवावी, असं माझं मत आहे.

चिखलदऱ्याला जाताना उंचीमुळे हवा बदलावी लागते का?

नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, चिखलदरा १,१०० च्या थोडं वर. बाहेरच्या हवेचा दाब घटल्याने गेज एक-सव्वा पीएसआय जास्त दाखवेल, आणि वरच्या गारव्यामुळे जवळपास तेवढंच कमी. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

परतवाड्यापुढच्या घाटात खरी परीक्षा हवेच्या फरकाची होते. उतरताना गाडीचा भार आधीच पुढे सरकलेला असतो. वळणाच्या मधोमध पाय उचलू नका. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करा आणि वळणात ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवा. मागच्या टायरमध्ये पूर्ण हवा आणि ही सवय, दोन्ही असतील तर घाटात ९११ इतका विश्वास देणाऱ्या गाड्या फार थोड्या आहेत.

एक-दोन पीएसआय बदलून गाडीचा स्वभाव बदलता येतो का?

येतो, आणि फरक जाणवतोही. पुढची हवा एक-दोनने कमी केली तर नाक आत वळायला थोडी कुरकुर करतं, पण मागची बाजू शांत राहते. पुढची वाढवली तर स्टिअरिंग धारदार होतं आणि शेपटी चंचल. रस्त्यावरच्या गाडीत मी पुढची हवा स्टिकरपेक्षा एकाहून जास्त वाढवणार नाही आणि मागची कधीच कमी करणार नाही. खड्ड्यांत आपटते म्हणून मागची हवा घटवणारे बरेच आहेत. त्याने गादी मऊ लागते खरी, पण तीस-पस्तीस सिरीजच्या टायरची बाजू (उंची रुंदीच्या तीस-पस्तीस टक्केच) आधीच बुटकी असते. कमी हवेत स्पीडब्रेकर किंवा सिमेंट रस्त्याच्या कडेचा मार थेट रिमवर बसतो.

काही नव्या मॉडेलांत कंपनीनेच आरामासाठी कमी दाबाचा पर्याय दिलेला असतो. तो जरूर वापरा, कारण त्यातही पुढचा-मागचा फरक सांभाळलेला असतो.

गाडीच दाब दाखवते, मग गेज कशाला?

स्क्रीनवरचे आकडे गाडी चालताना उपयोगाचे. नव्या ९११ मध्ये टायरच्या तापमानाचा हिशेब धरून ‘इतकी हवा भरा’ असं सांगणारं पान असतं, ते गेजवरच्या नुसत्या आकड्यापेक्षा जास्त कामाचं. पण टायर किंवा रिम बदलल्यावर मेनूत योग्य माप आणि भार निवडलेला असायला हवा, नाहीतर तुलना चुकीच्या आकड्याशी होते. स्वतःचं एक चांगलं डिजिटल गेज ठेवा आणि नेहमी तेच वापरा. पंपावरचं गेज दिवसभर जमिनीवर आपटतं, त्याच्या दोन-तीन पीएसआयच्या फरकावर ही गाडी सोपवू नये.

नायट्रोजन भरावा का?

मिळत असेल तर भरा, मिळत नसेल तर जीव टाकू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. फायदा आहे तो कोरडेपणाचा, कारण पावसाळ्यात दुकानातल्या कॉम्प्रेसरमधून हवेसोबत पाण्याची वाफही टायरमध्ये जाते. नायट्रोजन असला तरी दर पंधरा दिवसांनी मोजायचं चुकत नाही. आणि नायट्रोजनवालाही चारही चाकांत सारखाच आकडा लावतो, तिथेही उतरून उभे राहा.

मागचे टायर आतल्या बाजूने घासलेत. हवा कमी होती की जास्त?

बहुधा दोन्ही नाही. हवा जास्त असली तर टायर मधोमध घासतो, कमी असली तर दोन्ही कडांनी. फक्त आतली कड गेली असेल तर कारण चाकाच्या कलात आणि अलाइनमेंटमध्ये आहे. ९११ ची मागची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात.

हे घासणं सहज दिसत नाही, म्हणून जास्त घातक. बाहेरून बघितलं तर खाचा छान खोल दिसतात. गाडी लिफ्टवर घेऊन, टॉर्च लावून आतल्या बाजूने पाहिलं की शेवटच्या दोन बोटांची पट्टी गुळगुळीत झालेली असते. काही टायरांत तर रबर संपून खालची करडी जाळी, तारांची टोकं डोकावत असतात. दर सर्व्हिसिंगला हे बघायला सांगा आणि चारचाकी अलाइनमेंट करून घ्या. मागची चाकं नीट धरता येतील असंच मशीन असलेलं दुकान निवडा.

टायरच्या खाचा भरपूर आहेत, पण टायर जुने आहेत. चालतील?

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. अशा गाड्या वर्षाला थोडंच चालतात, त्यामुळे रबर घासण्याआधी वाळतं, आणि आपल्या उन्हात तर लवकरच. सहा वर्षं झाली की बदला, खाचा कितीही असोत.

गाडी महिना-दोन महिने उभी राहणार आहे.

हवा चार-पाच पीएसआय वाढवून ठेवा, पण टायरवरच्या कमाल मर्यादेच्या आत. त्यामुळे खालचा भाग चपटा होत नाही. बाहेर काढण्याआधी पुन्हा स्टिकरवर आणा.

माझी पोर्शे केमन आहे. तिलाही हेच लागू?

तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे, म्हणजे मध्ये आहे, त्यामुळे वजन जास्त समतोल असतं. तिचा आकडा तिच्याच स्टिकरवरून घ्या, ९११ चा लावू नका. चारही चाकांत डोळे झाकून सारखी हवा मात्र तिलाही भरू नका.

ट्रॅकवर नेणार असेन तर?

बुद्ध सर्किट असो की कोइम्बतूरचं कारी, तिथे टायर फार तापतो, म्हणून हिशेब गरम दाबाचा करतात. काही फेऱ्यांनंतर लगेच मोजायचं आणि पुढचा-मागचा दाब आपापल्या आकड्यावर आणायचा. पिथमपूरच्या नॅट्रॅक्ससारख्या अतिवेगाच्या गोल ट्रॅकवर उलट आहे: तिथे कमी हवेने जाणं धोक्याचं, पुस्तिकेतला सर्वाधिक वेगाचा आकडाच भरा. ट्रॅकवर हवा सोडली असेल तर घरी निघण्याआधी, तिथेच टायर थंड होऊ द्या आणि रस्त्याचा दाब परत भरा, आधी मागच्या दोन चाकांत.